ग्रिट्स शिजायला किती वेळ लागतो? ‘माय कझिन विनी’ आणि उलटतपासणीची कला

ग्रिट्स म्हणजे मक्याचा जाडसर भरडा. तो पाण्यात रटरट शिजवायचा, वर लोणी आणि मीठ घालायचं, की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली रोजची न्याहारी तयार. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या माणसाने हा पदार्थ आयुष्यात पाहिलेला नसतो. ‘माय कझिन विनी’ या १९९२ च्या सिनेमात ब्रुकलिनचा एक नवखा वकील अलाबामातल्या एका टपरीवजा हॉटेलात बसलेला आहे. ताटलीतल्या त्या पांढऱ्या गोळ्याकडे तो संशयाने बघतो आणि हे काय, कसं करतात, किती वेळ लागतो असं आचाऱ्याला विचारतो. आपण हसतो, प्रसंग पुढे सरकतो. पुढे भर कोर्टात याच प्रश्नाच्या उत्तरावर सरकार पक्षाचा एक साक्षीदार कोसळतो.

शहरातला माणूस खेड्यात येतो आणि त्याची त्रेधातिरपीट उडते, हा विनोदाचा जुना आणि हमखास साचा आहे. कुणी शेणात पाय घालतो, कुणी कोंबड्याच्या आरवण्याने दचकून उठतो. बहुतेक सिनेमे त्या हशावरच थांबतात. हा सिनेमा हसवून झालं की तोच विनोद पुरावा म्हणून कोर्टात सादर करतो, आणि अमेरिकेत वकिली शिकवणारे प्राध्यापक तो वर्गात लावतात याचं कारण मला यातच दिसतं. खटला कसा चालतो, साक्षीदार कसा तपासतात, ‘तज्ज्ञ’ कुणाला म्हणायचं, हे एरवी रुक्ष वाटणारे प्रश्न इथे दोन तासांत समजतात. म्हणून हा लेख सिनेमाबद्दल जितका आहे तितकाच कोर्टाबद्दल आहे. शेवट उघड होणार आहे, पण सिनेमा आता तिशी ओलांडून गेलाय, तेव्हा क्षमस्व म्हणत नाही.

गोष्ट अशी. बिल आणि स्टॅन हे न्यूयॉर्कचे दोन विद्यार्थी गाडीने कॅलिफोर्नियातल्या कॉलेजला निघालेत. गाडी आहे हिरव्या रंगाची, उघड्या टपाची, १९६४ ची ब्यूक स्कायलार्क. अलाबामातल्या एका दुकानात ते सामान घेतात आणि बिल चुकून ट्यूनाचा एक डबा खिशात टाकून पैसे न देताच बाहेर पडतो. थोड्या वेळाने पोलीस त्यांना पकडतात. पोरांना वाटतं, डब्याची चोरी अंगाशी आली. प्रत्यक्षात त्यांच्या मागोमाग त्या दुकानदाराचा गोळी घालून खून झालेला असतो आणि संशय या दोघांवर असतो. गुन्हा सिद्ध झाला तर विजेची खुर्ची. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. मग बिलच्या आईला आठवतं, आपल्या घराण्यात एक वकील आहे की! विन्सेंट गांबिनी ऊर्फ विनी. वकिलीची परीक्षा सहाव्या खेपेला पास, सनद मिळून दीड महिना, आणि खटला आजवर एकही चालवलेला नाही. तो येतो काळं चामड्याचं जाकीट घालून, सोबत होणारी बायको मोना लिसा व्हिटो. तिच्या हातात कॅमेरा, अंगात शहरी झगमगाट, आणि जिभेला धार.

विनी झालाय जो पेशी, लिसा झालीय मारिसा टोमे. तिला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. विनोदी भूमिकेला ऑस्कर ही दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे ‘चुकून तिचं नाव वाचलं गेलं’ अशी वावडी उठली आणि कित्येक वर्षं टिकली. वावडी साफ खोटी होती.

त्या दोन पोरांची घाबरगुंडी वरवर पाहता नुसती गंमत वाटते. तिच्यामागे मात्र खरा इतिहास आहे. जून १९६४ मध्ये अलाबामाला लागून असलेल्या मिसिसिपीत काळ्या नागरिकांच्या मतदान नोंदणीसाठी गेलेल्या तीन कार्यकर्त्यांना मारण्यात आलं होतं. जेम्स चेनी हा तिथलाच काळा तरुण, तर अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे न्यूयॉर्कचे ज्यू. सिनेमातला स्टॅन रोथेनस्टाइनही न्यूयॉर्कचा, आडनावावरून ज्यू. दक्षिणेतला पोलीस गाडी अडवतो तेव्हा स्टॅनच्या पोटात जो गोळा येतो तो उगाच नाही. पटकथाकार डेल लॉनर आणि दिग्दर्शक जोनाथन लिन इथे एक चलाखी करतात. प्रेक्षकाला ते ही भीती पुरेपूर देतात, आणि मग एकेक गावकरी समोर आणतात जो तिला खोटं पाडतो. पोलीस प्रमुख आडदांड दिसतो, पण काम चोख करतो. सरकारी वकील ट्रॉटर गोडबोल्या आहे, पण कपटी नाही. न्यायाधीश हॅलर खडूस आहे, पण पक्षपाती नाही. सिनेमात खलनायकच नाही. खरे खुनी जेमतेम उल्लेखापुरते येतात.

जोनाथन लिन मूळचा इंग्रज. केंब्रिजमध्ये कायदा शिकलेला, आणि अँटनी जे यांच्याबरोबर ‘येस मिनिस्टर’ लिहिणारा. त्याच मालिकेवरून हिंदीत फारूख शेख यांचं ‘जी मंत्रीजी’ आलं, ते आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. अधिकारी वर्गाची भाषा आणि तिच्यातली मख्ख गंमत या माणसाला आधीपासूनच अवगत होती. कोर्टातले प्रसंग इतके नेमके उतरलेत ते काही योगायोगाने नाही.

पहिला धडा आहे कबुलीजबाबाचा. पोलीस बिलला चोरी कशी झाली ते विचारत असतात, तो ट्यूनाच्या डब्याबद्दल बोलत असतो. मग प्रश्न येतो, दुकानदाराला गोळी कधी घातलीस? बिल अवाक होऊन विचारतो, ‘मी दुकानदाराला गोळी घातली?’ पुढे कोर्टात पोलीस प्रमुख टिपणवहीतून तेच वाक्य वाचतो, पण सपाट आवाजात: ‘मी दुकानदाराला गोळी घातली.’ शब्द तेच. प्रश्नचिन्ह तेवढं गळालं, आणि गळफास तयार झाला.

आपल्याकडे हा प्रसंग असा घडला नसता. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली भारतात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी हे पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. इंग्रजांच्या अमलातच, १८७२ साली, कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं की पोलीस चौकीत काढलेल्या कबुलीवर विसंबणं धोक्याचं आहे. अमेरिकेत तशी सरसकट बंदी नाही. तिथे १९६६ च्या मिरांडा निकालानंतर आरोपीला ‘गप्प राहण्याचा, वकील मागण्याचा तुला हक्क आहे’ हे आधी सांगावं लागतं. ते सांगूनही तो बोलला, तर ते त्याच्याविरुद्ध वापरता येतं.

दुसरा धडा विनी स्वतःच्या फजितीतून शिकतो. सरकारी वकिलाकडची कागदपत्रं बघायला मिळावीत म्हणून तो ट्रॉटरबरोबर शिकारीला जातो, गोड बोलतो, आणि फायली घेऊन छाती फुगवून परततो. लिसा तोवर फौजदारी कायद्याचं पुस्तक वाचत बसलेली असते. ती शांतपणे सांगते, अरे, या फायली तुला देणं त्याला कायद्याने भागच होतं, मागितल्या असत्यास तरी मिळाल्या असत्या. याला तिथे ‘डिस्क्लोजर’ म्हणतात. आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाने दडवून ठेवायचा नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या ब्रेडी खटल्यात सांगितलं. आपल्याकडेही आरोपपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रं आरोपीला फुकट द्यावी लागतात. सिनेमात पाहून ‘कोर्टात ऐनवेळी दडवलेला पुरावा बाहेर काढतात’ असा आपला समज झालेला असतो. खऱ्या खटल्यात तसं करणं हीच गैरवर्तणूक.

आता उलटतपासणी. साक्षीदाराला ज्या बाजूने बोलावलं ती बाजू आधी प्रश्न विचारते, ती सरतपासणी. मग समोरचा वकील त्याला तपासतो, ती उलटतपासणी. सरतपासणीत उत्तर सुचवणारे प्रश्न सहसा चालत नाहीत, उलटतपासणीत खुशाल चालतात. पण खरी मेख वेगळीच आहे. नवखे वकील साक्षीदाराला खोटारडा ठरवायला धावतात. विनीच्या समोरचे तिन्ही साक्षीदार साधी, प्रामाणिक माणसं आहेत. त्यांनी हिरवी गाडी पाहिली, दोन पोरं पाहिली, गोळीचा आवाज ऐकला. खोटं कुणीच बोलत नाही. मग त्यांचं म्हणणं खोडायचं कसं? त्यांना चूक कशी झाली असेल ते दाखवून. आणि ते त्यांच्याच घरातल्या, त्यांच्याच रोजच्या गोष्टींतून.

टिप्टन नावाचा साक्षीदार सांगतो, पोरं दुकानात शिरताना मी पाहिलं, आणि पाचेक मिनिटांत गोळीचा आवाज आला. ही पाच मिनिटं कशावरून? तो न्याहारी करत होता. विनी विचारतो, काय काय केलंत? अंडी आणि ग्रिट्स. झटपट होणारे पाकिटातले ग्रिट्स की नेहमीचे? टिप्टनच्या स्वाभिमानाला धक्का बसतो. अस्सल दक्षिणेतला माणूस पाकिटातले ग्रिट्स खाईल काय! सापळा इथे मिटला. साऱ्या जगाला ग्रिट्स शिजवायला वीस मिनिटं लागतात, मग तुमच्या चुलीवर ते पाच मिनिटांत कसे झाले? टिप्टनला मान्य करावं लागतं की पाच मिनिटांचा हिशेब चुकला असावा. आणि पाचाची वीस झाली की मधल्या वेळात दुसरी कुणी दोघं येऊन, खून करून, निघून जायला भरपूर सवड मिळते.

या उलटतपासणीत विनीने जवळजवळ एकही प्रश्न असा विचारला नाही ज्याचं उत्तर त्याला आधी ठाऊक नव्हतं. ‘नेहमीचे की झटपट’ हाच एक धोक्याचा प्रश्न. त्याचं उत्तर ‘झटपट’ आलं असतं तर सारंच ओमफस्. पण गावातल्या हॉटेलात बसून त्याने या लोकांचा ग्रिट्सबद्दलचा अभिमान पाहिलेला होता. त्या हॉटेलच्या मेनूकार्डावर तीनच ओळी असतात: न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. आचारी तव्यावर चरबीचा भलामोठा गोळा आदळतो, आणि विनी त्याला कोलेस्टेरॉलबद्दल टोकतो. अशा ठिकाणी बसून खाल्लेला घास कोर्टात कामी येतो.

दुसरा साक्षीदार क्रेन. त्याने आपल्या खिडकीतून पोरांना पाहिलं. विनी त्याच खिडकीचे फोटो पुढे करतो आणि एकेक गोष्ट मोजून घेतो. काचेवर मळ, मग गंजलेली जाळी, मग पानांनी भरलेली झाडं, मग झुडपं, तीही एकदोन नाहीत, सात. विनी त्याला ‘तुम्हाला काही दिसलंच नसणार’ असं सांगत बसत नाही. क्रेन झुडपं मोजत असताना ज्युरीला ते आपोआप कळतं. तिसऱ्या आहेत म्हाताऱ्या मिसेस रायली, जाड भिंगांचा चष्मा. विनी मोजपट्टी उलगडत कोर्टातच पन्नास फूट लांब जातो, म्हणजे त्यांनी पोरांना पाहिलं त्या अंतराच्या निम्म्यावर, आणि दोन बोटं वर करतो. किती? बाई म्हणतात, चार. मग आता तुम्हाला काय वाटतं, असं विचारल्यावर त्या म्हणतात, आणखी जाड भिंगं घ्यावीत म्हणते. त्यांचा अपमान होत नाही, उलट त्याच हशा मिळवून जातात. म्हातारीला रडवणाऱ्या वकिलावर ज्युरी खप्पा होते, हे विनीला सहा वेळा परीक्षा देऊनही पुस्तकात सापडलं नसतं.

ज्युरी म्हणजे गावातलेच बारा जण. ग्रिट्सचा प्रश्न न्यायाधीशासाठी नव्हता, या बारांसाठी होता. प्रत्येकाच्या घरात ते भांडं रोज चुलीवर चढतं. आपल्याकडे ज्युरी होती तेव्हाचा मुंबईतला १९५९ चा नानावटी खटला सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्यात ज्युरीने आरोपीला निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि त्यानंतर भारतात ही पद्धत हळूहळू संपुष्टात आली. त्यामुळे आपल्या वकिलांना सामान्य माणसाला पटवण्याची ही कसरत करावी लागत नाही. न्यायाधीश मात्र आपल्याकडेही ताटात काय शिजतं ते जाणतातच.

हा सगळा धडा सिनेमापुरता नाही. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात एका कामगार तंट्याचा निकाल न्यायाधीश मेरिक गार्लंड यांनी लिहिला. साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळा कितपत धरायच्या असा मुद्दा होता, आणि त्यांनी निकालपत्रात विन्सेंट गांबिनीच्या ग्रिट्सच्या उलटतपासणीतले संवाद उद्धृत केले.

सर्वांत गाजलेला भाग अजून बाकी आहे. ट्रॉटर ऐनवेळी एफबीआयचा टायरतज्ज्ञ उभा करतो. दुकानाबाहेर रस्त्यावर उमटलेल्या टायरच्या खुणा पोरांच्या गाडीच्या टायरशी जुळतात, असं तो सांगतो. विनी उठून मुद्देसूद हरकत घेतो: या साक्षीदाराची आम्हाला पूर्वसूचना नाही, तयारीला वेळ नाही. न्यायाधीश हॅलर त्याच्या हरकतीचं मनापासून कौतुक करतात आणि ती तिथल्या तिथे फेटाळतात. हॅलर झालेल्या फ्रेड ग्विन या उंच, घोगऱ्या आवाजाच्या नटाचा हा शेवटचा सिनेमा. तो नुसता बसून राहिला तरी विनी पाच फुटांहून चार फुटांवर आल्यासारखा वाटतो.

मग विनी लिसाला साक्षीला बोलावतो. ती त्याच्यावर चिडलेली आहे, उत्तरं देत नाही. विनी न्यायाधीशांना विचारतो, हिला फितूर साक्षीदार मानायची परवानगी मिळेल का? आपण बोलवलेल्या साक्षीदाराला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येत नाहीत, पण तो उलटला तर कोर्टाच्या परवानगीने विचारता येतात. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘साक्षीदार फितूर’ असा मथळा येतो तो हाच. होणारी बायको फितूर, हा विनोद लिसाच्या उत्तराने आणखी रंगतो: आत्ता फितूर म्हणतोस, रात्री घरी भेट.

ट्रॉटरचा आक्षेप रास्त आहे. ही बाई तर बेकार केशभूषाकार! ही कसली गाड्यांची तज्ज्ञ? लिसा सांगते, बाप मेकॅनिक, आजे मेकॅनिक, भाऊ मेकॅनिक, काका मेकॅनिक, मीही बापाच्या गॅरेजात राबले. मग ट्रॉटर तिची परीक्षा घेतो. १९५५ च्या शेव्हर्ले बेलएअरला ३२७ घनइंचाचं इंजिन असेल तर इग्निशनचं टायमिंग किती? ती म्हणते, प्रश्नच चुकीचा आहे. ५५ साली शेव्हर्लेने ते इंजिन बनवलंच नव्हतं, ते ६२ साली आलं. ट्रॉटर गप्प. कायद्याने तज्ज्ञ होण्यासाठी पदवी लागत नाही. अमेरिकन पुरावा नियमांमध्ये ज्ञान, कौशल्य, अनुभव, प्रशिक्षण किंवा शिक्षण, यांतलं काहीही चालतं. आपल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ३९ व्या कलमातही ‘विशेष कुशल’ व्यक्ती एवढीच अट आहे.

लिसाचं म्हणणं समजायला थोडं गाडीखाली वाकून बघावं लागेल. बैलगाडीची दोन्ही चाकं आखावर आपापली फिरतात, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरलं तरी काही बिघडत नाही. मोटारीत मात्र इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना पोचवायची असते, आणि तरी वळणावर त्यांना वेगवेगळं फिरू द्यायचं असतं. ते काम डिफरन्शियल करतं. साध्या डिफरन्शियलचा दोष असा, की एक चाक चिखलात घसरलं की तेच गरागरा फिरतं आणि दुसरं ढिम्म राहतं. लिसा ज्युरीला नेमकं हेच सांगते: अलाबामाच्या चिखलात ज्याची गाडी रुतलीय त्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. बाकावरची बारा डोकी डुलतात. हा चिखल आपण आधीच पाहिलेला असतो, कारण विनीची गाडी त्यात रुतते, त्याचा एकुलता एक सूट त्यातच लोळतो, आणि मग तो जादूगारासारखा लालभडक कोट घालून कोर्टात येतो.

लिसाने दुकानाबाहेर काढलेल्या फोटोंत टायरच्या दोन्ही खुणा सारख्याच ठळक आहेत. म्हणजे निघताना दोन्ही चाकांना सारखी ताकद मिळत होती. याला घसरण रोखणारं विशेष डिफरन्शियल लागतं, जे तिच्या म्हणण्याप्रमाणे ६४ च्या स्कायलार्कमध्ये मिळतच नव्हतं. शिवाय डावं चाक रस्त्याच्या कडेवर चढलं तरी उजव्याची खूण सपाटच राहिली. एकाच आडव्या आखाला जोडलेली चाकं असती तर एक वर गेलं की दुसरं कलून स्वतःच्या काठावर घासलं असतं. म्हणजे गाडीला मागच्या चाकांची स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वरखाली होऊ देणारी रचना, हवी. या दोन्ही गोष्टी असलेल्या त्या काळच्या अमेरिकन गाड्या लिसाच्या मते दोनच. एक कॉर्व्हेट, जिला पाहून कुणी स्कायलार्क समजणार नाही. दुसरी १९६३ ची पाँटियाक टेम्पेस्ट, ब्यूकसारखीच जनरल मोटर्स कंपनीची, त्याच बांध्याची, आणि तशाच हिरव्या रंगात मिळणारी. लगेच पोलीस प्रमुख सांगतो, जॉर्जियात चोरीच्या हिरव्या टेम्पेस्टसह दोन पोरांना अटक झालीय आणि त्यांच्याजवळ पिस्तूलही सापडलंय. खटला तिथेच मागे घेतला जातो.

लिसा गावात आल्यापासून जे फोटो काढत हिंडत होती, ते शहरी पाहुणीचं वेड म्हणून आपण हसून सोडलेलं असतं. तोच फोटो दोन पोरांचे प्राण वाचवतो.

सगळंच भारी आहे असं मात्र नाही. स्टॅन मध्येच विनीला सोडून ज्या सरकारी बचाव वकिलाकडे जातो, त्याच्या तोतरेपणावर रचलेला विनोद आज बघवत नाही. आयत्या वेळच्या तज्ज्ञाला हरकत असतानाही उभं करू देणं खऱ्या कोर्टात अपिलात उलटायची दाट शक्यता. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे विनीची सनद. परराज्यातल्या वकिलाला एका खटल्यापुरती परवानगी मिळते, पण आपला अनुभव खरा सांगावा लागतो. विनी दुसऱ्याच नामांकित वकिलाचं नाव सांगतो, तो वकील मेलेला निघतो, मग सारवासारव करायला आणखी एक खोटं, आणि शेवटी न्यूयॉर्कचा एक ओळखीचा न्यायाधीश फोनवर थाप मारून त्याला सोडवतो. प्रत्यक्षात हे उघडकीस आलं असतं तर विनीची दीड महिन्याची सनद तिथेच गेली असती, आणि थाप मारणाऱ्या न्यायाधीशाची खुर्चीही.